मधमाशीला साखरपाणी नको, फूल हवं

उन्हाळा तापला की दादर, परळ, लालबागच्या रसवंत्यांवर मधमाश्या घोंगावू लागतात. उसाच्या चिपाडांवर, ग्लासाच्या बुडाशी उरलेल्या घोटावर, मिठाईच्या दुकानात जिलबीच्या परातीवर, जिथे गोड तिथे त्या. कुणाला दया येते आणि गॅलरीत वाटीभर साखरेचं पाणी ठेवलं जातं. व्हॉट्सअॅपवरही तसा सल्ला दर उन्हाळ्यात फिरतो. त्यामागची कळकळ खरी आहे, म्हणूनच कळकळीने सांगते: ती वाटी उचला.

साखरेने माशीला उडायला बळ मिळतं, पण साखरेवर पोळ्यातली अळी वाढत नाही. तिला प्रथिनं लागतात, स्निग्ध पदार्थ लागतात, जीवनसत्त्वं लागतात. ती परागातून येतात. मकरंदही निव्वळ साखरपाणी नसतो. त्यात थोडी अमिनो आम्लं असतात, क्षार असतात, सुगंधी द्रव्यं असतात आणि पुष्कळदा त्यात जिवंत यीस्टही असतं.

पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच गोतावळ्यातले हे सूक्ष्मजीव. फूल उमलतं तेव्हा त्याचा मकरंद जवळजवळ निर्जंतुक असतो. मग पहिली माशी येते, सोंड बुडवते आणि आधीच्या फुलातून आलेल्या यीस्टच्या पेशी तिथे सोडून जाते. मुंग्या आणि मध पिणारे पक्षीही हेच करतात. मेट्श्निकोविया या प्रजातीचं यीस्ट मकरंदात सर्वाधिक सापडतं. इतक्या गोड पाकात बाकीचे बरेच सूक्ष्मजीव तग धरत नाहीत, हे मात्र झपाट्याने वाढतं आणि मकरंदाच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्याच्या हजारो पेशी होऊ शकतात. ते साखर खातं, साखरांचं आपसातलं प्रमाण बदलतं, मकरंदाला वेगळा वास आणतं. स्पेनमधल्या संशोधकांनी हिवाळ्यात फुलणाऱ्या एका रानफुलावर मोजमापं घेतली, तेव्हा यीस्टमुळे फुलातला मकरंद काही अंशांनी उबदार झालेला आढळला.

मकरंदातल्या या यीस्टने मधमाशीचं नेमकं किती पोषण होतं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2014 मध्ये मांडलेला एक प्रयोग आपल्या वाटीच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. जिवाणू वाढलेला मकरंद मधमाश्यांनी टाळला, यीस्ट असलेला टाळला नाही. मुंबईच्या दमट उकाड्यात दिवसभर उघड्या राहिलेल्या साखरपाण्याचं संध्याकाळपर्यंत काय होतं, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्याच वाटीत वेगवेगळ्या पोळ्यांवरच्या माश्या तोंड घालतात आणि एका पोळ्याचा रोग दुसऱ्यात जातो. ठेवायचंच असेल तर साधं पाणी ठेवा. पसरट भांड्यात खडे घाला, म्हणजे माशीला बसायला जागा होईल. पाणी रोज बदला, नाहीतर त्यात डास व्हायचे.

पोळ्यातही यीस्ट असतंच. कामकरी माशी पायांवर परागाचे गोळे आणते. ते मध आणि लाळ मिसळून षटकोनी घरात ठासले जातात. तिथे यीस्ट आणि दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद कामाला लागतात आणि तो पराग बरणीतल्या लोणच्यासारखा मुरतो, आंबट होतो, टिकतो. हा मुरलेला पराग खाऊन तरुण माश्या आपल्या अंगात दुधासारखा रस तयार करतात आणि तो अळ्यांना भरवतात. म्हणजे पराग आटला की पाळणाघरच बंद.

परागातली आणखी एक गोष्ट मधमाशीला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, ती म्हणजे स्टेरॉल. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत यीस्टच्या जनुकांत बदल करून त्याच्याकडून ही स्टेरॉलं बनवून घेतली आणि ती माश्यांच्या खाद्यात मिसळली. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ज्या वसाहतींना हे खाद्य मिळालं त्यांत कोशावस्थेपर्यंत पोचलेल्या अळ्यांची संख्या 15 पटींपर्यंत वाढली. फुलं कमी पडली की मधमाशीचं काय काय अडतं, हे यावरून कळावं. आपल्याला प्रयोगशाळा उभारायची नाही. फुलं तेवढी वाचवायची आहेत.

गिरगावच्या चाळीत गॅलरीच्या कठड्यावर तुळस असतेच. मंजिऱ्या धरल्या की त्या खुडायच्या, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. निम्म्या खुडा, निम्म्या राहू द्या. सकाळी दहाच्या सुमाराला मंजिरीकडे जरा निरखून पाहा. फूल तांदळाच्या कणीएवढं, त्यावर बारकी फुलोरी माशी उलटी लटकून एकेका फुलात सोंड घालत वर सरकते. तिच्याहून लहान, डंख नसलेली पोयाची माशीही दिसेल, ती पुष्कळांना चिलटच वाटते. तुळशीजोडीला सब्जा लावा, कढीपत्ता फुलू द्या. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर शेवगा लावा. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा लावा. हारातल्या गच्च गेंदेदार झेंडूत माशीला सहज पोचता येईल असं फारसं काही नसतं.

गुलाबावर बुरशीनाशक मारत असाल तर फुलं असताना मारू नका. यीस्ट ही बुरशीच आहे. पानावरच्या बुरशीसाठी मारलेला फवारा मकरंदात पडला तर तिथल्या यीस्टचीही वाढ खुंटवू शकतो.

सोसायट्यांच्या कमिट्यांना एक विनंती. पावसाळ्यापूर्वीची छाटणी जरूर व्हावी, फांदी पडून माणूस दगावू नये. पण सोनमोहर, ताम्हण, करंज ऐन फुलोऱ्यात असताना सरसकट बोडके करू नका. पोकळ, वाळलेली, धोक्याची फांदी काढा, बाकीची राहू द्या. रस्त्यावरचा एक फुललेला सोनमोहर माश्यांना जेवढा पराग देतो, तेवढा शंभर कुंड्यांतून मिळायचा नाही.

परळच्या टॉवरच्या सज्जाखाली आग्यामोहोळ लागलं की लोक घाबरतात. घाबरणं रास्त आहे, आग्यामाशी चिडली तर जीवावर बेतू शकतं. पण रात्री पलिते लावून पोळं जाळणं, औषध मारून माश्यांचा सडा पाडणं हा उपाय नव्हे. आग्यामाश्या हंगामी असतात, फुलोरा सरला की आपणहून उठून जातात. पोळ्याखालची खिडकी तेवढे दिवस बंद ठेवा, मुलांना दगड मारू देऊ नका. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दाराशीच असेल तर जाणकार मधपाळाकडून ते हलवून घ्या. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे शिकलेली माणसं राज्यभर आहेत.

आणि चहावाल्यांना, रसवंतीवाल्यांना: उष्ट्या कपांच्या आणि चिपाडांच्या डब्याला झाकण ठेवा. तामिळनाडूतल्या कॉफीच्या दुकानांबाहेर टाकलेल्या कागदी कपांत हजारो मधमाश्या मेल्याची नोंद तिथल्या अभ्यासकांनी 2011 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये केली आहे. कपाच्या तळाशी राहिलेल्या गोड घोटासाठी त्या आत उतरतात आणि बाहेर पडू शकत नाहीत. झाकणाला खर्च जवळजवळ नाही. आजच ठेवा.