पोथी नसलेल्या देवांचा अभ्यास

शाहूवाडीसारख्या तालुक्यात आफ्रिकेतल्या धर्मांच्या अभ्यासाचं नाव काढलं, की दोन आक्षेप ठरलेले. ज्यांना ग्रंथच नाही, त्यांच्या धर्मात अभ्यासण्यासारखं काय असणार? आणि आपल्या धनगरवाड्यांचे प्रश्न पडून असताना नायजेरियातल्या देवांशी आपल्याला काय करायचंय?

पहिला आक्षेप मुळात आपला नाहीच. अडाणी आफ्रिकी माणसाला ईश्वराची कल्पना सुचेलच कशी, असं जर्मन चरित्रकार एमिल लुडविग याने एडविन स्मिथ या मिशनऱ्याला विचारलं होतं. त्याला भरभक्कम उत्तर दिलं ते बोलाजी इडोवू या नायजेरियातल्या योरुबा समाजातल्या अभ्यासकानेच, १९६२ साली ‘ओलोदुमारे’ हा ग्रंथ लिहून. योरुबांची ‘इफा’ ही दैवाला विचारण्याची पद्धत पाहा. पामच्या सोळा बियांवरून बाबालावो, म्हणजे इफाचा पुजारी, खुणा मांडतो. त्यातून २५६ आकृत्या होतात आणि प्रत्येक आकृतीमागे मुखोद्गत पद्यांचा साठा उभा असतो. तो गुरूपाशी वर्षानुवर्षं राहून पाठ करावा लागतो. युनेस्कोने २००५ साली ही परंपरा मानवजातीचा वारसा म्हणून गौरवली. पिढ्यान् पिढ्या वेद पाठांतरावर जगवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने ‘लिहिलेलं नाही, म्हणजे धर्मच नाही’ असं म्हणणं कोणत्या तोंडाने?

इफा आपल्याला परका वाटू नये. आपल्या घाटमाथ्यावर आणि खाली कोकणात देवळात कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, ओल्या पाकळ्या देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार. विहीर कुठे खणावी इथपासून भावाभावांतल्या तंट्यापर्यंत सगळं त्या पाकळीवर टांगलेलं असतं आणि पाकळी सुटेपर्यंत देवळात कुणी चकार शब्द काढत नाही. त्या गाऱ्हाण्यात गावाच्या सीमा, मानकऱ्यांचा क्रम, देवांची आपसातली नाती, सगळं येतं. गावाचा इतका इतिहास दप्तरातही सापडणार नाही.

इथे कुणी म्हणेल, ही अंधश्रद्धेची भलामण झाली. मुळीच नाही. कौलावर भरवसा ठेवून आजाऱ्याला दवाखान्यात न नेणं हा गुन्हाच, आणि त्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. पण कौल माणसं का लावतात, हे समजून न घेता नुसती टवाळी केली, तर त्यातून ना विज्ञान पसरतं ना माणूस बदलतो.

आता दुसरा आक्षेप. आफ्रिकेच्या अभ्यासाने आपले डोळे उघडतात ते नेमके इथेच. युगांडाचा कवी आणि विचारवंत ओकोट प’बिटेक याने सत्तरच्या दशकाच्या आरंभी पाश्चात्त्य संशोधकांवर टीका केलीच, पण जॉन मबिटींसारख्या आपल्याच आफ्रिकी अभ्यासकांनाही सोडलं नाही. तुम्ही आपल्या देवांना ग्रीक वस्त्रं नेसवून ख्रिस्ती देवासारखं दाखवता, असा त्याचा आरोप होता. आपल्याकडे दुसरं काय चाललंय? गावदेवीच्या शेंदरी पाषाणामागे संगमरवरी मूर्ती उभी राहते, फलकावर ती पार्वतीचा अवतार होते आणि तिची स्वतःची कथा एका पिढीत पुसली जाते. आपल्या तालुक्यात येळवण जुगाई हे गाव देवीच्या नावाने ओळखलं जातं. त्या जुगाईची कथा उद्या कुणाच्या तोंडून ऐकायची?

अशा कथा टिपून ठेवण्याचं काम आपल्याला नवीन नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ आणि ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ लिहून लोकदेवतांना संशोधनाच्या ओसरीवरून माजघरात आणलं. गुंथर सोन्थायमर हा जर्मन विद्वान मराठी शिकला, धनगरांबरोबर हिंडला, त्यांच्या ओव्या त्याने उतरवून घेतल्या आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबांवर ग्रंथ लिहिला. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी त्याच दशकात देवरायांचा अभ्यास मांडला. नायजेरियात ओसुन देवीची ओसोग्बोची राई २००५ साली जागतिक वारसा ठरली. आपल्या देवरायांत मात्र अजून कुऱ्हाड आधी पोचते, वही नंतर.

म्हणून तालुक्यातल्या शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि महाविद्यालयीन पोरांना माझी विनंती आहे. इडोवू, मबिटी, प’बिटेक यांची पुस्तकं कपाटात आणा, ढेरे आणि सोन्थायमर त्यांच्या शेजारी ठेवा. मग आपल्या गावच्या गुरवाकडे जा, त्याची परवानगी घ्या आणि गाऱ्हाणं अथपासून इतिपर्यंत उतरवून घ्या. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख टाका, जे सांगू नये असं तो म्हणेल ते गाळा, आणि एक प्रत त्याच्याच घरी ठेवा.