रक्त मोजा!

'बाळंतपणात एवढं अंगावरून जायचंच!' हे वाक्य ज्या घरात, ज्या दवाखान्यात उच्चारले जाते, तिथे एखादी बाळंतीण डोळ्यांदेखत पांढरी पडत असते. एवढं म्हणजे किती? कोणी मोजले?

वार पडल्यावर गर्भपिशवीने मुठीसारखे आवळून घ्यायचे असते. आवळणारे स्नायूच उघड्या रक्तवाहिन्यांची तोंडे दाबून धरतात. पिशवी सैल राहिली की ती तोंडे उघडीच राहतात, आणि दिवस भरलेल्या बाईच्या पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटर रक्त धावत असते! बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात दहातल्या सात वेळा कारण हेच. बेंबीपाशी हात ठेवा: आवळलेली पिशवी सोललेल्या नारळासारखी टणक लागते, सैल पडलेली हाताला गवसतच नाही. हे कळायला कोणते यंत्र लागते? पहिले दोन तास पुनःपुन्हा पोटावर टेकणारा एक हात लागतो, आणि तोच आम्ही देत नाही. एकट्या परिचारिकेवर तीन-तीन बाळंतिणी सोपवतो आणि मग नशिबाला बोल लावतो!

उपाय नाहीत म्हणता? आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गावच्या परिचारिकांनी प्रसूतीनंतर गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. ते निष्कर्ष २००६ साली जगापुढे आले. आफ्रिकेतल्या चार देशांत बाळंतिणीखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी धरून रक्त मोजले, गर्भपिशवी चोळणे, औषधे आणि सलाईन एकदमच सुरू केले, आणि गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी घटला. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. आम्ही अजून कापडाकडे बघून अंदाज बांधतो!

आणि घरच्यांनो, पोट करकचून बांधल्याने पिशवी आवळत नाही. बाळंतिणीला पाणी तोडू नका. तिला वेळेवर लघवीला जाऊ द्या, भरलेले मूत्राशय पिशवीला आवळू देत नाही. चीक फेकू नका. बाळ छातीशी लागताच पिशवी आवळू लागते. डिंकाचे लाडू जरूर द्या, पण लोहाच्या गोळ्या चुकवू नका. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे. त्यांनी सांडायचे कुठून? आठव्या दिवशी घडीमागून घडी भिजू लागली, तर शेकाची शेगडी विझवा आणि गाडी बोलवा!

आणि दवाखान्यांचे काय? गर्भपिशवी आवळणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन विचारा: वीज गेल्यावर त्याचा फ्रीज कशावर चालतो? रात्री दोनला रक्ताची पिशवी कुठून येते, आणि किती वेळात?