गाड्यावर खाताना आधी पाण्याचे पिंप पाहा

सकाळी साडेआठच्या सुमारास जतच्या एसटी स्टँडबाहेर उभे राहिले की तालुका कसा खातो, ते दिसते. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर, डफळापूर अशा गावांतून माणसे उतरत असतात. कोणाला तहसील कचेरीतून दाखला हवा असतो, कोणाचे बँकेत काम असते, कोणी सरकारी दवाखान्यात नंबर लावायला आलेले असते. सांगली जिल्ह्यातला हा विस्ताराने सर्वांत मोठा तालुका. पूर्वेकडच्या गावांतून आलेल्या माणसाने घर पहाटेच सोडलेले असते आणि परत पोहोचायला संध्याकाळ होणार असते. काहींच्या पिशवीत भाकरी बांधलेली असते. बाकीच्यांचा नाष्टा, आणि बऱ्याचदा दुपारचे जेवणही, गाड्यावरच होते. वडापाव, उप्पीट, इडली, मिरची भजी, संध्याकाळी अंडाबुर्जी नाहीतर चायनीज.

या माणसांना ‘बाहेरचे खाऊ नका’ असे सांगणे सोपे आहे. पण त्याचा उपयोग काय? उपाशीपोटी रांगेत उभा राहणारा मधुमेहाचा रुग्ण चक्कर येऊन पडतो, हेही दवाखान्यांना ठाऊक असते. तेव्हा विचारायचे ते असे : कोणत्या गाड्यावर खावे, त्यातले काय खावे आणि केव्हा खावे?

लोक साधारणपणे गर्दी, चव आणि गाड्याची चकचक पाहून ठरवतात. हल्ली टेम्पोत थाटलेले, दिव्यांची माळ लावलेले फूड ट्रकही आले आहेत. ते दिसायला छान असतात, म्हणून सुरक्षित वाटतात. मात्र आजार देणाऱ्या जंतूंना बहुधा ना वास असतो, ना रंग, ना चव. आंबलेले अन्न नाकाला कळते. पण टायफॉइडचे जंतू मिसळलेली चटणी चवीला उत्तमच लागते. म्हणून जिभेवर विसंबू नये. डोळ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात : पाणी, आच आणि हात. जतसारख्या तालुक्यात यांतली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

पाणी कुठून आले?

जतचा पाणीप्रश्न नव्याने सांगायला नको. म्हैसाळ योजनेचे कृष्णेचे पाणी तालुक्याच्या काही भागात आले आणि पूर्वेकडची गावे वाट पाहत राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या सीमेवरच्या गावांचा प्रश्न दोन राज्यांत गाजला, त्याच्या मुळाशीही पाणीच होते. उन्हाळ्यात टँकर ही इथली नेहमीची गोष्ट. जिथे घराला पाणी मोजून मिळते, तिथे गाडेवाल्याला ते भरपूर कुठून मिळणार?

हातगाड्याला बहुधा स्वतःचा नळ नसतो. सकाळी एक पिंप किंवा दोन-चार कॅन भरून आणायचे आणि तेच दिवसभर पुरवायचे. प्यायला तेच, चटणी पातळ करायला तेच, हात धुवायला तेच आणि ताटल्या विसळायलाही तेच. ताटल्यांची बादली तर खास पाहण्यासारखी असते. सकाळी स्वच्छ असलेल्या त्या पाण्यात दुपारपर्यंत शंभर ताटल्या बुडून निघतात. त्यानंतर ताटली धुतली जात नाही. आधीच्या शंभर जणांचे उष्टे तिला लागते.

म्हणून गाड्याजवळ गेल्यावर आधी पिंप पाहावे. त्याला झाकण आहे का? पाणी तोटीतून घेतात, की मग हातासकट आत बुडवतात? प्यायचे पाणी आणि धुण्याचे पाणी वेगळे आहे का? विसळायची बादली बदलतात का? पिंप उघडे आणि बादली काळपट असेल, तर त्या गाड्यावर वडा कितीही चविष्ट असला तरी पुढे जावे. पाण्याची बाटली घरून आणली तर निम्मी चिंता तिथेच संपते.

दोष पाण्याचा असतो आणि संशय भलत्यावरच घेतला जातो, हे पुण्याने अलीकडेच पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता आणि नांदेड गाव परिसरात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. लोकांनी पनीर सोडले, चिकन सोडले, बाहेरचे खाणे सोडले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत मात्र कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले आणि तपासाचा रोख त्या भागातल्या पाण्याकडे वळला.

आच आणि वेळ

दुसरी गोष्ट आच. कढईतले तेल १७०-१८० अंशांना तापलेले असते. त्यातून नुकत्याच निघालेल्या वड्याच्या आवरणावर जंतू टिकत नाहीत. वाफेच्या भांड्यातून थेट ताटलीत आलेली इडली, तव्यावरचा डोसा, समोर फोडून केलेले ऑम्लेट आणि खळखळ उकळलेला चहा यांनाही हाच नियम. गरम म्हणजे हाताला चटका बसेल इतके गरम. कोमट नव्हे.

अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिले की त्यातले जिवाणू वाढू लागतात. अनुकूल उष्णता मिळाली तर काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एका जिवाणूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. जतच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी सातला केलेली खोबऱ्याची चटणी दुपारी एकला कोणत्या अवस्थेत असेल, ते यावरून समजावे. म्हणून तीच चटणी सकाळी आठला चालते आणि दुपारी दोनला चालत नाही.

‘पुन्हा गरम केले की झाले’ हा समज पूर्ण खरा नाही. शिजवलेला भात बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचे बीजाणू शिजवतानाच्या उकळीतूनही वाचलेले असतात. तो जे विष तयार करतो, ते पुन्हा परतल्यावरही नष्ट होत नाही. संध्याकाळच्या चायनीज गाड्यावर सकाळचा भात आचेवर उडवला जातो, तेव्हा ज्वाळा मोठ्या दिसतात, पण त्या विषाला त्यांचा धाक नसतो. आदल्या रात्री उकडून मळलेल्या बटाट्याच्या भाजीबद्दलही सावध राहावे. बाहेरचे आवरण तळले जाते, पण आतला गोळा तितका तापेलच असे नाही.

यावरून निवडीचा एक ढोबळ क्रम लावता येतो. चहा, समोर तळलेली भजी, वाफाळती इडली, भाजलेले शेंगदाणे, स्वतः सोलून खायचे केळे हे पदार्थ सर्वांत सुरक्षित. उप्पीट, पोहे, उसळ हे भांडे शेगडीवर असेल आणि वाफ येत असेल तरच. चिरून ठेवलेला कांदा, कच्ची हिरवी चटणी, कापलेली फळे, मठ्ठा आणि पाणीपुरीचे पाणी यांत सर्वांत जास्त जोखीम. चिंच-लिंबाच्या आंबटपणाने जंतू मरतात, या भरवशावर राहू नये. रसवंतीवरचा उसाचा रस ताजा असतो, पण बर्फ कोणत्या पाण्याचा हे कोणी सांगू शकत नाही. ‘बिनबर्फाचा द्या’ हे दोन शब्द पुरेत. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेही यांनी पहिल्या गटाबाहेर जाऊच नये.

तेलही पाहावे. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल काळपट आणि चिकट होते, त्याला फेस येतो, लवकर धूर सुटतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या १ जुलै २०१८ पासूनच्या नियमानुसार तळणाच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. गिऱ्हाइकाकडे मोजायचे यंत्र नसते, पण रंग आणि धूर दिसतोच.

हात आणि कागद

तिसरी गोष्ट हात. ज्या हाताने नोटा आणि सुटे घेतले, त्याच हाताने पाव चिरला जातो का? पैशाला एक माणूस आणि खाण्याला दुसरा, किंवा निदान चिमटा असेल तर चांगले. बोटावर पू झालेली जखम असेल, तर त्यातले स्टॅफिलोकोकस जिवाणू अन्नात उतरून विष तयार करू शकतात. आजारी न दिसणारा माणूसही टायफॉइडचे जंतू बाळगून असू शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन या स्वयंपाकिणीने स्वतः ठणठणीत असताना अनेक घरांत टायफॉइड पोहोचवला. यात तिचा हेतू वाईट नव्हता आणि गाडेवाल्याचाही नसतो. साबण आणि वाहते पाणी जवळ असेल, तर हात धुतले जातात.

वर्तमानपत्राच्या कागदावर खाणेही थांबायला हवे. छपाईची शाई खाण्यात जाणे घातक आहे आणि पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली आहे. आज वाचले जाणारे हे पान उद्या कोणाच्या भज्यांखाली जाणार नाही, एवढे वाचकाच्या हातात आहे. ‘कागद नको, ताटलीत द्या’ असे म्हणावे, किंवा घरचा डबा पुढे करावा.

शेवटचा गाडा नेहमी दोषी नसतो

पोट बिघडले की लोक शेवटी कुठे खाल्ले ते आठवतात आणि त्या गाड्याला दोष देतात. हा हिशेब बऱ्याचदा चुकतो. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या झाल्या, तर अन्नातल्या विषाचा संशय रास्त असतो. साल्मोनेलाच्या जुलाबांना सहा तासांपासून तीन दिवस लागू शकतात. टायफॉइडचा ताप बहुधा एक ते तीन आठवड्यांनी येतो. हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून येणारी कावीळ १५ ते ५० दिवसांनीही दिसते. कालच्या भज्यांना दोष दिला जातो, पण कारण महिन्यापूर्वीच्या यात्रेतल्या पाण्यात किंवा घरच्याच रांजणात असू शकते. चुकीच्या गाड्यावर बहिष्कार पडला, तर एका घराची चूल थांबते आणि खरे कारण तसेच राहते.

जुलाब सुरू झाले की पहिले औषध ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतकेच पाणी घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट-घोट द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर पुरते. थंड पेये आणि डबाबंद फळांचे रस हा ओआरएसला पर्याय नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच साधे द्रावण पाजून पटकीच्या रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासून ४ टक्क्यांच्या खाली आणले होते. मनाने जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत आणि मुलांना तर कधीच देऊ नयेत. शौचातून रक्त, जोराचा ताप, न थांबणाऱ्या उलट्या, खोल गेलेले डोळे, सुस्ती किंवा सहा तास लघवी न होणे यांपैकी काहीही दिसले, तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे; वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा.

गाडे हटवू नका, नळ द्या

एवढे पाहूनही सगळा भार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर टाकणे योग्य नाही. अतिक्रमणाच्या मोहिमेत गाडे उचलले जातात आणि आठवड्याने ते आणखी अडचणीच्या जागी, आणखी कमी पाण्यावर उभे राहतात. यातून रोग कमी होत नाही. सिंगापूरने उलटी वाट धरली. तिथे रस्त्यावरच्या विक्रेत्यांना टप्प्याटप्प्याने नळ, गटार आणि वीज असलेल्या बाजारकेंद्रांत बसवले गेले. हे काम १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुरे झाले. आपल्याकडे अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या खाऊगल्लीला २०१८ मध्ये ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’ ही मान्यता मिळाली. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदाही त्यांना जागा आणि प्रमाणपत्र देण्याची तरतूद करतो.

जतसाठी यातले मोठे काहीच नको. एसटी स्टँड, बाजार आणि दवाखान्याजवळ गाड्यांच्या रांगेसाठी क्लोरिनयुक्त पाण्याचा एक सार्वजनिक नळ आणि सांडपाण्याची वाट एवढे नगरपरिषदेला जमू शकते. ओटी चाचणी विहिरीवर किंवा टाकीवर थांबू नये. ती टँकरच्या तोंडाशी आणि गाड्यावरच्या पिंपातही व्हावी. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे का, हे तिथेच दोन मिनिटांत कळते. मार्गशीर्षातली यल्लम्मा देवीची यात्रा आणि गुड्डापूरच्या दानम्मा देवीची यात्रा यांच्या आधी दर वर्षी ही तपासणी व्हावी. अन्न व औषध प्रशासनाने दंडाच्या पावत्यांबरोबर नोंदणीची शिबिरेही घ्यावीत आणि नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक गाड्यावर दिसावा. मेडिक्लोरची बाटली आणि झाकणाचे, तोटीचे पिंप नोंदणीबरोबरच हाती पडले, तर गाडेवाला ते वापरेल. गिऱ्हाइकांचे पोट बिघडले तर त्याचाच धंदा बसतो, हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळते.

नळ येईपर्यंत गिऱ्हाइकाने एवढे करावे : तोटीच्या, झाकणाच्या पिंपाचा गाडा निवडावा, कढईतून निघालेले खावे, चटणी सकाळचीच घ्यावी आणि पाणी घरचे प्यावे. असे मागणारे दहा जण रोज आले, तर शेजारच्या गाड्यावरच्या पिंपालाही झाकण येईल.