दुखणाइताची मुदत आणि सरकारची मुदत

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि अपंगत्वाचा दाखला देण्याची एक महिन्याची मुदत तीन महिन्यांवर नेली. कंपवाताने अंथरुणाला खिळलेल्या किंवा ज्याचे स्नायू दिवसागणिक झिजत आहेत अशा माणसाच्या आयुष्यात तीन महिने म्हणजे काय, हा प्रश्न नियमकर्त्यांच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मान्य केले, हे स्वागतार्हच. पण त्या यादीत कर्करोग नाही, निकामी मूत्रपिंडे नाहीत. कर्करोगी एखादा अवयव गमावून बसेल तेव्हाच तो टक्केवारीत मोजला जाणार! केंद्राच्या निवृत्तिवेतनाला तर ऐंशी टक्के अपंगत्व हवे, वर दारिद्र्यरेषेचा दाखला. आणि एवढ्या खटाटोपाअंती केंद्राचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपये.

आमच्या सीमाभागात हे दुखणे दुहेरी आहे. निपाणीचा रुग्ण उपचाराला जवळच्या कोल्हापूर-मिरजेस जातो. त्याचा जिल्हा मात्र बेळगाव, आणि कचेरीचा व्यवहार कानडीतून. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत कर्करोग, पक्षाघात, क्षय यांना स्थान आहे, हे तिचे मोठेपण. परंतु तिला महाराष्ट्रातील पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, तेथील दुखणाइताने ते कोठून आणावे? २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना या गावांना देऊ केली, तर कर्नाटकाने हरकत घेतली. तंबाखूच्या धुळीत विड्या वळून श्वास हरवलेल्या बाईला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबणे कसे परवडावे?

अमेरिकेने २००८ मध्ये पन्नास दुर्धर आजारांची यादी करून, निदानाच्या पुराव्यावरच असे अर्ज झटपट निकालात काढण्यास प्रारंभ केला. पुढे ती यादी वाढतच गेली. आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर असते : खोटे दाखले येतील. येतीलही. पण अखेरच्या टप्प्यातील कर्करोगाचे सोंग कोण, किती दिवस आणणार? चार लबाडांच्या धास्तीने शंभर मरणोन्मुखांना रांगेत उभे करणे, याला दक्षता म्हणत नाहीत.

कर्नाटकाने २०११ मध्ये सेवा हमीचा कायदा केला आणि त्याच्या योजनेला ‘सकाल’ असे सुरेख नाव दिले. त्यात दुर्धर आजारांसाठी वेगळी वाट करावी. सरकारी डॉक्टरांच्या निदानपत्रावर आठवड्याच्या आत तात्पुरते वेतन सुरू करावे, पडताळणी मागाहून व्हावी. आणि ते निदानपत्र कोल्हापूरचे असले तरी ते माघारी धाडू नये.