दुर्बिणीची तपासणी आणि बिलाचे खाते

एखादी रक्कम चुकीच्या खात्यात पडली की ताळा जुळत नाही, हे व्यापारी कुटुंबास सांगावे लागत नाही. रुग्णालयाच्या बिलाचेही तसेच आहे. खर्च खरा, पावती खरी, उपचारही योग्य. तरीही नोंद कोणत्या शीर्षाखाली झाली, यावर मेडिक्लेमचा निकाल अवलंबून असतो. पोटाच्या दुर्बीण-तपासणीत, म्हणजे निदानात्मक लॅप्रोस्कोपीत, ही बाब विशेष लक्षात ठेवावी लागते.

ही तपासणी आपल्याकडे नवी नाही. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ साली तिचा आरंभ केला. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सुलभ झाल्यावरही तिचे महत्त्व संपलेले नाही. पोटात पाणी का झाले, गाठी क्षयाच्या की कर्करोगाच्या, हे कधीकधी आत पाहून व तुकडा तपासूनच कळते.

अडचण विम्याच्या भाषेत आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्य विम्यातून वगळावयाच्या बाबींची शब्दरचना सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील चौथे कलम सांगते की, ज्या दाखल होण्याचा प्रमुख हेतू केवळ तपासणी व निदान हाच असेल, त्याचा खर्च देय नाही.

नीरेकाठच्या सांगवीतील एका किराणा व्यापाऱ्याचे उदाहरण कल्पावे. महिनाभर ताप, पोटदुखी, वजनात घट. बारामतीत सोनोग्राफी झाली, पोटात पाणी आढळले. पुण्यात दुर्बिणीतून तपासणी होऊन तुकडा घेतला गेला. बिल ८०,००० रुपये. डिस्चार्ज कार्डावर मात्र एवढेच लिहिले: ‘पोटदुखी, तपासणीसाठी दाखल.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगसूचीत पोटदुखीचा संकेतांक आर१०. तो लक्षणाचा आहे, रोगाचा नव्हे. काही दिवसांनी अहवाल आला: पोटाचा क्षय. त्याचा संकेतांक ए१८.३. कार्ड दुरुस्त झाले नाही, तर दावा पहिल्याच नोंदीवर तपासला जातो आणि चौथे कलम पुढे येते.

म्हणून अहवाल हाती येताच डॉक्टरांकडून अंतिम निदानासह पुरवणी डिस्चार्ज कार्ड घ्यावे. दाखल करणे का आवश्यक होते, बाह्यरुग्ण विभागात हे का शक्य नव्हते आणि निदानानंतर कोणता उपचार सुरू झाला, हे त्यात स्पष्ट असावे. शस्त्रक्रियेची टिपणी, तुकड्याचा अहवाल, कार्ड आणि बिल या चारही कागदांवरील निदान व तारखा जुळवून पाहाव्यात. तपासणीतच अपेंडिक्स काढले गेले असेल, तर ती शस्त्रक्रिया ठरते. अमेरिकेच्या संकेतांक पद्धतीत अशा वेळी तपासणीचे वेगळे बिल लावता येत नाही. आपल्याकडेही दोन्ही रकमा स्वतंत्र दिसल्यास खुलासा मागावा.

येथे एक मोह होतो. ‘डॉक्टर, दुसरा एखादा आजार लिहून द्या,’ अशी विनंती केली जाते. ती करू नये. साठ महिन्यांच्या सलग विम्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला सहसा दावा नाकारता येत नाही. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला हे संरक्षण नाही. ८०,००० रुपयांसाठी संपूर्ण कुटुंबाचे विमाछत्र पणाला लावणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच व्यवहार. खरे निदान पूर्ण लिहून घेणे हा हक्क आहे, खोटे लिहून घेणे हा गुन्हा.

नियोजित तपासणीपूर्वी कॅशलेसची पूर्वसंमती मागावी. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने तिचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावयाची आहे. दावा नाकारताना कंपनीच्या पुनरावलोकन समितीची संमती लागते व पॉलिसीतील नेमके कलम कळवावे लागते. ते पत्र लेखी घ्यावे. प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. तो फेटाळला गेला किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार आहे.

दुकानाची पावती फाडताना जी दक्षता घेतली जाते, तीच डिस्चार्ज कार्ड हाती घेताना घ्यावी. रुग्णालय सोडण्यापूर्वी निदानाची ती एक ओळ घरातील एकाने तरी शांतपणे वाचावी.