सल्लागाराची निवड व नागरिकांचा हक्क

कर्वेनगरच्या नदीकाठी राहणाऱ्या माणसाला महानगरपालिकेचा सल्लागार क्वचितच दिसतो. त्याला दिसतो तो खोदलेला रस्ता आणि तुंबलेले गटार. परंतु वाहिनी कोठून न्यावयाची, मैलापाणी शुद्धीकरणाचे केंद्र केवढे बांधावयाचे व त्यास खर्च किती धरावयाचा, हे ठेकेदार येण्यापूर्वीच सल्लागाराने ठरविलेले असते. त्याच्या नकाशात ज्या वस्तीची नोंद नाही तिच्यापर्यंत वाहिनी पोचत नाही. तेव्हा हा सल्लागार कोण व तो कसा नेमला, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा व आम्हा वकिलांचा नव्हे.

सिमेंटची खरेदी कमीत कमी दराने करता येते. बुद्धीच्या कामाची तशी करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. याकरिता गुणवत्ता आणि दर या दोहोंना गुण देण्याची पद्धत आली. समजा, गुणवत्तेचा भार 70 व दराचा 30 ठेवला. एका संस्थेला गुणवत्तेत 90 गुण मिळाले व तिचे शुल्क 80 लाख रुपये आहे. दुसरीस 70 गुण व शुल्क 50 लाख. हिशेबाअंती पहिलीचे 81.75 व दुसरीचे 79 होतात. पहिली जिंकते. परंतु परीक्षकाने दुसरीला 70 ऐवजी 74 गुण दिले असते तर ती 81.80 वर जाऊन जिंकली असती. चार गुणांवर 30 लाखांचा निवाडा! हे गुण 'सादरीकरणा'चे असतील तर बोलणेच खुंटले. कोणत्या बाबीस किती गुण हे आधी छापलेले नसेल आणि दिलेले गुण दरांची पाकिटे फोडण्यापूर्वी जाहीर केलेले नसतील, तर ही पद्धत निवड झाकण्याचे साधन ठरते. शुल्क कामाच्या खर्चाच्या टक्क्यांवर असेल तर आणखी एक गोम राहते: अंदाजपत्रक फुगले की सल्लागाराचे बिलही फुगते.

अनेक वर्षांचा अनुभव व मोठी उलाढाल यांच्या अटींनी नव्या माणसाला दार बंद होते. आपल्या घरांतून पहिल्यांदाच वास्तुशास्त्रज्ञ वा इंजिनियर झालेली मुले या अटींशी अडखळतात, हे विसरून चालणार नाही.

1949 च्या महानगरपालिका अधिनियमात, अनुसूची 'ड' च्या पाचव्या प्रकरणाचा दुसरा नियम आहे. स्थायी समितीने कारणे कामकाजात नोंदविली तर निविदा न मागविताही करार करण्यास ती आयुक्तांना अनुमती देऊ शकते. 'तातडी' हा एक शब्द म्हणजे कारण नव्हे. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात प्रशासक आल्यावर तर अनुमती मागणारा व देणारा एकच झाला होता.

फेरनिविदेचे दुखणे वेगळे. मुळा-मुठा प्रदूषणमुक्तीसाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा करार 2016 च्या जानेवारीत झाला. खर्च 990.26 कोटी, केंद्रे 11. त्यांतील एक आपल्या शेजारी वारज्यात. निविदा अंदाजाहून पुष्कळ चढ्या आल्या, म्हणून त्या रद्द करून पुन्हा मागविल्या. अखेर 2022 मध्ये काम दिले तेव्हा आकडा सुमारे 1,473 कोटींवर गेला होता. चढा दर नाकारणे योग्यच. पण सहा वर्षे मैलापाणी नदीत वाहत राहिले, त्याची किंमत कोणत्या पाकिटात होती? फेरनिविदा काढताना कोणती अट बदलली व का, हे लेखी मागितले पाहिजे. जुन्याच सल्लागाराला मुदतवाढीवर मुदतवाढ देऊन फेरनिविदा टाळणे, हाही त्याच दोषाचा दुसरा प्रकार आहे.

1979 साली सर्वोच्च न्यायालयाने रमण दयाराम शेट्टी खटल्यात, मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या ठेक्याबाबत, समतेच्या चौदाव्या कलमाच्या आधारे सांगितले की शासनाला स्वतः जाहीर केलेल्या अटी मोडता येणार नाहीत. तत्त्व जिंकले, परंतु अर्जदाराला दाद मिळाली नाही. तो उशिरा आला होता, हे त्याचे एक कारण. आपल्याकडील तक्रारी बहुधा काम निम्मे झाल्यावर येतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

2018 च्या शासन निर्णयाने स्थानिक संस्थांची दप्तरे दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना पाहण्यास खुली ठेवण्यास सांगितले आहे. क्षेत्रीय कार्यालयात दोघातिघांनी मिळून जावे, गुणांचा तक्ता व स्थायी समितीचा ठराव मागावा, प्रती घ्याव्यात. न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये त्याच दिवशी अर्ज द्यावा.