बंदूक पेट्रोलनं धुऊ नका

खंडेनवमी तोंडावर आलीय. हळवं भात पिवळं पडायला लागलंय आणि रात्री डुकरं बांधावर येऊन जातायत. शेतसंरक्षणाचा परवाना आहे त्यांच्या घरी या आठवड्यात बंदुका खाली उतरतील, पुसल्या जातील, पूजेला लागतील. म्हणून आज पिकाचं नाही, बंदूक साफ करण्याचं लिहितो.

माझं मत सरळ आहे. पेट्रोल, कार्बोरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर हा गॅरेजमधला माल गॅरेजातच बरा. ठासणीच्या बंदुकीला तर तो मुळीच लावू नये.

चार वर्षांमागे मीच पडवीत बसून, ताटलीत पेट्रोल घेऊन वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक पुसत होतो. न्हाणीची चूल आठ-दहा हात लांब. पुतण्याने आंघोळीच्या पाण्यासाठी काडी ओढली आणि आग जमिनीवरून सरपटत ताटलीपर्यंत आली. डावा हात कोपरापर्यंत भाजला. त्या वर्षीची कापणी मी बांधावर बसून बघितली. पोराची काही चूक नव्हती. चूल रोजचीच होती, पेट्रोल मी आणलेलं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवर पसरते आणि विस्तव शोधत जाते. थंडीतसुद्धा पेट्रोलला वाफ धरते. आणि आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. म्हणजे ज्यानं गंज घालवायचा तेच गंजाला बोलावतं.

ब्रेक क्लीनर तेलाचा थेंबही शिल्लक ठेवत नाही. ब्रेकला ते पाहिजेच. पण आपल्या दमट हवेत उघडं पडलेलं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनवालं द्रावक असतं, ते वेल्डिंगच्या किंवा आगीच्या उष्णतेनं विषारी वायू सोडतं. बाकीचे सरळ पेट घेतात. कार्बोरेटर क्लीनर दस्त्याचं पॉलिश काढतो, प्लॅस्टिक मऊ करतो.

आता मुख्य गोष्ट. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू जळते. तिच्या काजळीत पोटॅशचे क्षार असतात. पोटॅश खत पाण्यात विरघळतं, पेट्रोलमध्ये नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणजे पेट्रोलनं नळी वरून चकचकीत दिसते, पण क्षार आत तसेच राहतात, ओल धरतात आणि लोखंड खातात. त्याला औषध गरम पाणी आणि साबण.

मी आता असं करतो. आधी बंदूक रिकामी आहे का बघतो. गजावर रिकाम्या नळीची खूण करून ठेवलीय. गज आत सोडला आणि खूण नळीच्या तोंडाबाहेर राहिली तर आत बार आहे, हात लावायचा नाही, जाणत्याला बोलवायचं. केप काढलेली आहे ना, तेही बघायचं. नळीचं तोंड कोणाकडेही नको.

मग नळी दस्त्यापासून सोडवून, गजाला चिंधी बांधून साबणाच्या गरम पाण्यानं धुवायची. पाणी स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी चांगलं कढत, म्हणजे नळी आपोआप वाळते. पूर्ण कोरडी झाली की यंत्राच्या तेलाचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून बघायची, तांबूस आली तर परत तेल. बार भरायच्या आधी आतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसून घ्यायचं.

बारा बोअरचं वेगळं. तिची काजळी पाण्यानं जात नाही. तिला बंदुकीसाठीच मिळणारं द्रावक आणावं, नाहीतर रॉकेल. रॉकेल पेट्रोलइतकं लगेच पेटत नाही, पण तेही अंगणात, उघड्यावर, विस्तव आणि विडी लांब ठेवून. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत. हातात फवारणीचे नायट्राईलचे मोजे घाला, कारण छर्र्यांचं शिसं काजळीत उतरतं. चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा. धुतलेलं पाणी विहिरीजवळ ओतू नका.

निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. महिना-दोन महिन्यांनी परत येतात तेव्हा नळीत गंज असतो, मग घाईनं माणूस पेट्रोलची बाटली उचलतो. जमा करायच्या आदल्या दिवशी धुऊन, तेल लावून दिली तर ही पाळीच येत नाही.

कृषी अधिकारी मंडळींना एक विनंती. शेतीशाळेत मास्क, मोजे, फवारणीची वेळ, सगळं शिकवता, चांगलं आहे. ठासणीची बंदूकही कायद्यानं पीक संरक्षणासाठीच दिलेली आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात तसं लिहिलंय. मग त्या अवजाराची निगा अर्धा तास शिकवायला काय हरकत आहे? परवाना देताना बंदूक कुठे ठेवणार ते विचारतात, धुणार कशानं ते मला आजवर कोणी विचारलं नाही.

माझ्या हाताची कातडी अजून उन्हात चुरचुरते. तुमची खंडेनवमी नीट जाऊ दे. पूजेआधी चुलीवर पाणी ठेवा, पेट्रोल गाडीत राहू दे.